ताकातला स्क्रू

माझ्या मांडीत नक्की काय घातलंय हे सगळ्यांत शेवटी मला कळलं. आधी ते सासऱ्यांना कळलं, त्यांच्याकडून नवऱ्याला, नवऱ्याकडून सासूबाईंना आणि सासूबाईंकडून आख्ख्या आळीला. मी नगरच्या दवाखान्यात खाटेवर उताणी पडले होते. गावाकडची एक शेजारीण भेटायला आली, तिनं चादरीवरून माझा पाय चाचपला आणि हळूच म्हणाली, "पहार घातलीय म्हनं गं आत?" मला हसू आलं नाही, राग आला. हाड माझं, आणि त्याची चर्चा माझ्याआधी ओट्याओट्यावर होऊन गेली होती.

दुष्काळाचं साल होतं, बाहत्तर सरून त्र्याहत्तर लागलेलं. सोनईजवळच्या आमच्या गावात विहिरींच्या तळाला थोडं पाणी उरलं होतं, पण वैरण लांबून आणावी लागे. कडब्याच्या गाडीवर मी वर बसले होते. चाक पाटाच्या चारीत गेलं, गाडी कलली आणि कडब्यासकट मी खाली आले. मांडीचं हाड मधोमध मोडलं. हाडवैद्याकडे न्यायचं की नगरला, यावर सासरे आणि दोन शेजारी तिथंच उभ्याउभ्या वाद घालत होते. पाय असा भलतीकडे वळला होता की तो बघून नवऱ्याला घेरी आली. त्याची ती घेरी बघून सासरे घाबरले आणि मला नगरला घेऊन निघाले. नाहीतर मी बांबूच्या कामट्या बांधून घरीच पडले असते.

मी जन्मजात संशयी. दूधवाल्यानं माप भरताना दुसरीकडे बघितलं तरी माझ्या मनात पाल चुकचुकते. त्यामुळे दवाखान्यातले हाडांचे डॉक्टर मला पहिल्या दिवसापासून आवडले नव्हते. तरुण होते, मुंबईला शिकून आलेले, आणि फार उत्साहानं बोलायचे. ती शेजारीण येऊन गेल्यावर एका सकाळी त्यांनी सासऱ्यांना पुन्हा, या वेळी माझ्या खाटेपाशी, बोलावलं आणि हातातली एक लांब पोकळ सळई दाखवली.

"अशीच सळई हिच्या हाडाच्या पोकळीत बसवलीय," ते म्हणाले. "वरून खुब्यापासून थेट गुडघ्याच्या वरपर्यंत. प्लॅस्टरमध्ये महिनोन् महिने पडून राहायला नको. हाड जुळलं की दीड-दोन वर्षांनी काढून टाकू."

"लोखंड हाय का हे?" सासऱ्यांनी विचारलं.

"पोलाद. पण साधं नाही, यात दुसरे धातू मिसळलेत. हे गंजत नाही आणि शरीराला बाधत नाही."

"कोन म्हनतं बाधत न्हाई?"

डॉक्टरांना असा प्रश्न कुणी विचारला नसावा, कारण ते खूश झाले आणि स्टूल ओढून बसले. परदेशात यावर केवढं संशोधन चाललंय ते सांगायला लागले. खुब्याचा सांधा झिजला तर आता पोलादाचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी बसवतात. हृदयातली झडप बदलतात. जखम शिवायला एक नवा धागा निघालाय, तो आतल्या आत विरघळून जातो. कोणता धातू माणसाला चालतो हे ठरवायला शास्त्रज्ञ अंगातल्या पाण्यासारखं खारं पाणी तयार करतात, त्यात धातू बुडवून ठेवतात आणि किती झिजला ते मोजतात. मी पडल्यापडल्या ऐकत होते आणि मला आमच्या गावात हायब्रीड ज्वारीचं बी घेऊन आलेला माणूस आठवत होता. तोही असाच स्टूल ओढून बसला होता. ज्वारी आली भरपूर, पण भाकरी तोंडात फिरायची.

"म्हंजे अजून बगतच हायेत," सासरे म्हणाले. "आन तुमी आमच्या सुनंवर बगताय व्हय?"

डॉक्टर मोठ्यानं हसले. ते हसणं मला मुळीच पटलं नाही. मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक छोटा स्क्रू काढला आणि सासऱ्यांच्या हातावर ठेवला. "याच पोलादाचा आहे. माझ्यावर विश्वास नको. घरी न्या, मिठाच्या पाण्यात घाला, आणि तुम्हीच बघा."

सासऱ्यांनी तो रुमालात बांधला. मला घरी सोडायचा दिवस डॉक्टरांनी शनिवार ठरवला होता. शनिवारी घरात लोखंड घ्यायचं नाही, आणि शिंगणापूर आमच्या शिवारापासून हाकेच्या अंतरावर म्हटल्यावर हा नियम आम्ही जरा जास्तच पाळायचो. सासऱ्यांनी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगितलं, आणि सुनेसकट सगळं लोखंड रविवारी घरी आलं.

घरी आले तर चुलीपुढे एक परकी मुलगी भाकरी थापत होती आणि माझी नुकती चालायला लागलेली लेक तिच्या पदराला धरून उभी होती. ती सासूबाईंच्या भावाची मुलगी, पाथर्डीकडची. सतरा-अठराची असेल. अंगानं वाळलेली, पण कामाला चपळ. "तुज्या मदतीला आनलीय," सासूबाई म्हणाल्या. मी मान हलवली आणि त्या क्षणापासून तिच्यावर नजर ठेवली. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्कच असतो असं सगळे उघड बोलतात. दुसरी बायको कायद्याला चालत नव्हती, पण पहिली लंगडी म्हणून माहेरी पाठवली आणि दुसरी घरात नांदायला लागली, तर विचारायला कोण येणार होतं? माझ्या माहेरी भाऊ-भावजय होते. तिथं मला किती दिवस ठेवून घेतलं असतं, हे मी चांगलं ओळखून होते. आणि लेक तर इथंच ठेवली असती.

म्हणजे माझं सगळं त्या पायावर होतं. पाय सावरला तर घर माझं, नाहीतर माझी लेक दुसरीला आई म्हणणार. हा विचार मनात आला की मी लेकीला हाक मारून खाटेवर ओढून घ्यायची.

मी माजघरात खाटेवर पडून असायची. कुबड्या घेऊन कडेकडेनं परसात जाऊन यायची, तेवढंच. पाय टेकवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खुब्यापाशी सळईचं टोक टोचायचं. रात्री कुशीवर वळले की आत काहीतरी सरकल्यासारखं वाटायचं आणि मी पुन्हा डॉक्टरांवर संशय घ्यायची. शेजारणी यायच्या आणि एकेक शंका टाकून जायच्या. एक म्हणाली, थंडीत लोखंड गार पडतं, हाडबी गार पडंल. दुसरी म्हणाली, आता पुढचं मूल होतंय की नाही कोण जाणे. सासूबाई त्यांना चहा द्यायच्या आणि मधे बोलायच्या नाहीत.

स्क्रूची परीक्षा सासऱ्यांनी स्वतः मांडली. मिठाचं पाणी त्यांना पुरेसं वाटलं नाही. "मानसाच्या अंगात निसतं मीठ आस्तं व्हय? आंबटबी आस्तंय. पित्त काय ग्वाड आस्तं?" असं म्हणून त्यांनी ताकात मूठभर मीठ कालवलं, त्यात स्क्रू सोडला आणि तांब्या फडक्यानं बांधून ओसरीच्या कोनाड्यात ठेवला. कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम झाला. मला खाटेवरून तो कोनाडा दिसायचा, पण फडक्यात बांधलेला तांब्या कोणता ते कळत नसे. खरं सांगायचं तर सासऱ्यांची ही युक्ती मला पटली होती. डॉक्टरांनी सांगितलेल्या त्या परदेशी शास्त्रज्ञांनी तरी वेगळं काय केलं होतं?

दोनेक दिवसांनी दुपारी घरात कुणी नव्हतं. सासूबाई ओसरीवरून आत येताना कोनाड्यापाशी थांबलेल्या मी पाहिल्या. त्यांनी फडकं जरा उचललं, तांब्या थोडा कलता केला, आत बघितलं. मग बोटानं तांब्याची आतली कड पुसली आणि ते बोट निरखलं. फडकं पुन्हा होतं तसं बांधून त्या आत आल्या, तोवर माझे डोळे मिटलेले होते, म्हणजे मी मिटून घेतले होते. त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्यांनी त्या बोटावर काय पाहिलं ते मला कळेना.

आठवडा उलटल्यावर सासऱ्यांनी भावकीतले दोघंतिघं बोलावून तांब्या उघडला. मला आतून फक्त आवाज येत होते. मग एकजण म्हणाला, "आरारारा." दुसरा म्हणाला, "हिरवं-निळं झालंय समदं." उग्र वास माजघरापर्यंत आला. सासऱ्यांचा आवाज बदलला होता. ते वाईट माणूस नव्हते आणि माझ्यावर त्यांची माया होती, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. त्या आवाजात भीतीच होती.

"ईख हाय ह्ये, जहर," ते म्हणाले. "पोरीच्या हाडात ईख भरलंय त्या डाक्टरनं. उद्याच्याला गाडी जुपा. सळई काढून घ्यायाची. त्यो न्हाई म्हनला तर दुसरा डाक्टर बघू, पन काढायची."

"हाड जुळलं नसंल अजून," माझा नवरा म्हणाला. एवढंच म्हणाला.

"लंगडी परवडंल. मेली तर काय करशील?"

सळई आत्ता काढली तर पाय आखूड पडणार, वाकडा जुळणार, कदाचित जुळणारच नाही. डॉक्टरांनी हे मला समोर बसवून सांगितलं होतं. मी त्यांच्या कशावरच विश्वास ठेवला नव्हता, पण यावर ठेवला, कारण ते सांगताना ते हसले नव्हते. आणि दुसऱ्या बाजूनं वाटत होतं, ताक खरंच हिरवं झालं असेल तर? माझ्या आत तेच चाललं असेल तर? मी मांडी दोन्ही हातांनी धरून बसले. कुणावर संशय घ्यावा तेच कळत नव्हतं.

तेवढ्यात ती पाथर्डीची मुलगी माझ्यासाठी पाणी घेऊन आली. मी विचारलं, "तू पाहिलंस का ताक?"

"व्हय. मोरचुदावानी झालंय."

"कोणत्या तांब्यात होतं?"

"त्यो चेमटलेला न्हाई का, पानी प्यायचा. पितळंचा."

पाणी प्यायच्या तांब्याला कुणी कल्हई करत नाही. आणि दुष्काळात कल्हईवाला तर गावात फिरकलाच नव्हता. बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवलं की ते कळकतं, हे घरातली कुठलीही बाई झोपेतही सांगेल. सासऱ्यांना ते माहीत नव्हतं, कारण त्यांनी आयुष्यात ताक फक्त प्यायलं होतं, ठेवलं कधीच नव्हतं. भावकीतल्या त्या दोघातिघांचंही तसंच. कळकलं होतं ते ताक, तांब्यानं. स्क्रूचा त्यात काही हात होता की नव्हता, हे अजून कुणी बघितलंच नव्हतं.

मग मला सासूबाईंचं ते बोट आठवलं. त्यांनी कड पुसून पाहिलं होतं. त्यांना त्याच दुपारी कळलं होतं. त्या पाच-सहा दिवस गप्प होत्या, आणि आत्ताही ओसरीच्या दाराशी उभ्या राहून गप्प होत्या. इतके दिवस मी संशय घेत होते, पण संशय खरा निघाला की काय होतं ते मला तेव्हा कळलं.

सासऱ्यांसमोर आवाज चढवायची आमच्याकडे रीत नव्हती. मी पदर डोक्यावर घेतला आणि आतूनच ओरडले, "मामा, त्या तांब्याला कल्हई न्हाई! ताक पितळेनं कळकलंय. आत्याबाईंना इचारा!"

सासरे वळून म्हणाले, "व्हय का गं?"

सासूबाईंनी लगेच उत्तर दिलं नाही. मी खाटेवरून त्यांची पाठ बघत होते. त्या म्हणाल्या असत्या, कल्हई हाय, तर कुणी दुसरा प्रश्न विचारला नसता. भांड्यांच्या बाबतीत त्या घरात त्यांचाच शब्द शेवटचा होता. तेवढ्या वेळात माझं मनातल्या मनात माहेरचं बोचकं बांधून झालं होतं.

त्या पुढे झाल्या, तांब्या उचलला, ताक अंगणात ओतलं. स्क्रूवर हिरवट साका चिकटला होता. त्यांनी चुलीतली चिमूटभर राख घेतली, स्क्रू बोटांत धरून घासला, पाण्यात बुचकळला आणि सासऱ्यांच्या हातावर ठेवला.

"कुठली कल्हई?" त्या म्हणाल्या. "पान्याचा तांब्या हाय त्यो."

स्क्रू दवाखान्यात होता तसाच लखलखत होता. भावकीतल्या एकानं तो दाताखाली धरूनही पाहिला. सासऱ्यांनी पान काढलं. गाडी जुंपायचा विषय तिथंच संपला.

संध्याकाळी सासूबाई माझं ताट घेऊन माजघरात आल्या. एरवी ताट ती मुलगी आणायची. त्या खाटेच्या पायथ्याशी बसल्या. मी ताटाला हात लावला नाही. माझा राग मला लपवायचाही नव्हता.

"आत्याबाई, तुम्हाला ठाव होतं," मी म्हणाले.

"व्हय."

"मग बोलला का न्हाईत?"

त्या कबूल होतील असं मला वाटलं नव्हतं. वाटलं होतं, उलटून बोलतील, नाहीतर रडतील. त्यांनी दोन्हीही केलं नाही. दळणाचा हिशोब सांगावा तशा त्या बोलल्या.

"ती पोर हितं दोन येळंला खाती. तिकडं माझा भाऊ पोरं घिऊन दुष्काळी कामावं खडी फोडतोय. रेशनच्या लाल मिलोची भाकरी, न्हाईतर सरकारी सुकडी, तीबी कवा मिळती कवा न्हाई. आली तवा ती कशी दिसत हुती, तू न्हाई बगितलं. म्या म्हनलं, हिचा पाय गेला तर गेला, तिचं तर बस्तान बसंल."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं त्यांना मी नकोशी झालेय. तसं काही नव्हतंच. एका बाजूला माझा पाय होता आणि दुसऱ्या बाजूला भाचीचं पोट, आणि त्यांनी तोलून पाहिलं होतं. हे ऐकून राग जायला हवा होता. तो गेला नाही. पण त्याला कुठं ठेवू ते कळेना.

"मग राहू द्यायची तिला," मी म्हणाले. "त्यासाठी माझा पाय कशाला?"

त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं.

"कोन म्हनून राहील?" त्यांनी विचारलं. "तरनी पोर हाय. बिनलग्नाची पोर आत्याच्या घरी वरीस-वरीस राहिली तर लोक इचारत्याल. तिचा बापबी ठिवनार न्हाई. पाव्हनी म्हनून किती दिस?"

"माझ्या मदतीला म्हणून. माझा पाय बरा व्हायचाय अजून."

"आन बरा झाल्यावं?"

मी थोडा विचार केला. "नव्या सळईच्या पायाला बरं व्हायला लई दिवस लागतात, असं डॉक्टर म्हणाले म्हणून सांगू. कुणाला काय कळतंय?"

सासूबाई पहिल्यांदाच हसल्या. मग ताट माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "जेव. गार झालं."

आणि आम्ही दोघींनी तसंच केलं. माझं हाड चांगलं जुळलं. पावसाळ्याच्या तोंडी डॉक्टरांनी हाडाचा फोटो काढून बघितला आणि कुबड्या टाकायला सांगितलं. मी घरात, दार लोटून, सरळ चालायला लागले. पण कुणाची चाहूल लागली की मी कुबडी काखेत घ्यायची आणि कण्हत कण्हत ओसरीवर यायची. सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे की डॉक्टरनं फसवलं, कसली परदेशी सळई, अजून पोरीला पाऊल टाकता येत नाही. बिचाऱ्या डॉक्टरांचं आमच्या गावात नाव खराब झालं ते आमच्यामुळे. पाथर्डीकडे पीक हाताला येईपर्यंत ती मुलगी आमच्याकडे राहिली. अंगावर जरा मांस चढलं, गाल भरले, आणि ती दिसायलाही चांगली दिसायला लागली.

तेवढं मात्र मला सोसवत नसे. संध्याकाळी नवरा शेतातून येऊन पाटावर बसला आणि ती त्याचं ताट वाढायला उठली, की मी कुबडी भिंतीला तशीच टाकून तिच्याआधी चुलीपाशी पोचलेली असायची.